उन्हाळी टायरवर तिरोल

जे आजवर कोणाला सांगितलेलं नाही, माझ्या बायकोला, मेधालाही नाही, ते आधी लिहून टाकतो. तीन वर्षांपूर्वी ईदच्या सुट्टीत आम्ही चौघं म्युनिकहून भाड्याची गाडी घेऊन तिरोलच्या डोंगरात गेलो, तेव्हा त्या गाडीला हिवाळी टायर नव्हते. नव्हते हे मला माहीत होतं. गाडी चालवणाऱ्याला मी 'आहेत' म्हणून सांगितलं होतं.

या प्रवासाचं एक वर्णन मी पूर्वी लिहिलेलं आहे. बहरीनमधल्या आमच्या मराठी मंडळींच्या वार्षिक अंकात ते फोटोंसह छापून आलं. त्यात तळी आहेत, कांद्याच्या आकाराचे कळस असलेली चर्चं आहेत, चीज आहे. अपघात एका ओळीत आहे: 'शेवटी एक अनपेक्षित अडचण आली, पण तिथल्या लोकांच्या तत्परतेने निभावलं.' ते वाचून बऱ्याच जणांनी फोन केले, रस्ता कुठला, राहिलात कुठे. एकाने टायरचंही विचारलं. मी म्हटलं, हिवाळीच घ्या. का, ते त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

म्हणून तोच प्रवास पुन्हा लिहितो आहे.

जनाबिया

मी बहरीनमध्ये जनाबियाला राहतो आणि एका बांधकाम कंपनीत प्लॅनिंग इंजिनिअर आहे. कोणतं काम कधी सुरू होणार, कधी संपणार, एकाचा उशीर दुसऱ्याला कुठे नडणार, याचे तक्ते करणं हा माझा धंदा. घरीही सुटत नाही. मेधा म्हणते, लग्नात अंतरपाटाआडूनसुद्धा तुम्ही घड्याळ बघत होतात. युरोपच्या सहलीचाही मी तक्ता केला होता, रंगीत, सकाळच्या चहापासून. तो सगळ्यांना पाठवून दिला होता.

मोहनराव माझे साडू. मेधाच्या थोरल्या बहिणीचे, सुनंदाताईंचे, यजमान. ते चिपळूणचे, मी कऱ्हाडचा. मध्ये कुंभार्ली घाट. बहरीनला ते माझ्या बरेच आधी आले, ड्रायव्हर म्हणून. पुढे त्याच कंपनीत गाड्यांचे सुपरवायझर झाले, पण स्टिअरिंग सोडलं नाही. इतक्या वर्षांत गाडीला ओरखडा नाही, हे ते स्वतः सांगत नसत. ताई सांगत, आणि ते शेजारी बसून ऐकत. मला इथलं लायसन्स मिळालं ते त्यांनी रोज संध्याकाळी, ते राहतात त्या रिफाच्या मोकळ्या रस्त्यांवर शेजारी बसून शिकवलं म्हणून.

थंडीत साखीरच्या वाळवंटात तंबू पडतात. आमच्या मंडळींचीही सहल असते, आणि दरवर्षी कोणाची ना कोणाची गाडी वाळूत रुतते. मग मोहनरावांना बोलावणं जाई. ते आधी सगळ्यांना खाली उतरवत. चारही टायरांतली हवा थोडी थोडी सोडत. टायर पसरट झाला की वाळूला धरतो. मग आत बसून "यल्ला", म्हणजे चला, म्हणायचं आणि गाडी हलकेच बाहेर. उतरल्यावर दोन्ही हात झटकून "खलास". पोरं टाळ्या वाजवत. टाय लावून बँकेत बसणारे आमचे मुंबई-पुण्याचे लोकही त्या वेळी त्यांच्याकडे आदराने बघत.

टायरचा विषय त्यांनीच काढला. आमच्याकडे शुक्रवारी जेवायला आले होते. वर्कशॉपमधला एक लेबनीज त्यांना म्हणाला होता, डोंगरात जाताय तर बर्फाचे टायर मागून घ्या, आमच्याकडे वरच्या गावांत त्याशिवाय भागत नाही. बहरीनमध्ये टायरला भीती असते ती उन्हाची. इथे टायर झिजून मरत नाही, उभ्याउभ्या भाजून चिरतो. त्यामुळे आम्ही लोक टायर घेताना एकच गोष्ट बघतो, कडेवर कोरलेला तयार झाल्याचा आठवडा आणि वर्ष. जितका ताजा तितका चांगला. थंडीचा टायर ही कल्पनाच आम्हाला गमतीची वाटली.

मेधा म्हणाली, "भावोजी, एप्रिलात कसला बर्फ? ट्यूलिप फुललेले असतात तिकडे."

ताई म्हणाल्या, "म्हणताहेत तर घ्या बाई. एरवी चहात साखर किती ते हे स्वतः ठरवत नाहीत."

मी म्हटलं, माझ्यावर सोडा. आणि खरंच सगळं वाचून काढलं. थंडीत साधं रबर कडक होतं, हिवाळी टायरचं मऊ राहतं. त्याच्या कडेवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात बर्फाचं नक्षीदार फूल अशी खूण असते. ईस्टर झाला की तिकडे लोक उन्हाळी टायर चढवतात. आम्ही जाणार होतो ते ईस्टरनंतर. बुकिंग करताना हिवाळी टायरच्या चौकटीत खूण केली. उत्तर आलं की उपलब्ध असल्यास देऊ. मोहनरावांना मी सांगितलं, झालं काम. त्यांनी तो विषय डोक्यातून काढून टाकला. माझ्यावर सोडला म्हणजे सोडला.

म्युनिक

गाड्यांच्या काउंटरवर मी एकटाच गेलो. बाकीचे तिघे सामान घेऊन एका बाकावर बसले होते. ताईंनी डब्यातून खुबूस रोट्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली होती आणि मोहनराव शेजारच्या जर्मन म्हाताऱ्याला खजूर घ्या म्हणून आग्रह करत होते.

काउंटरवरच्या मुलीने मला व्यवस्थित सांगितलं. आत्ता जी गाडी आहे तिला उन्हाळी टायर आहेत. हिवाळी टायरची एक गाडी उद्या सकाळी परत येणार आहे. कुठे जाणार, असं तिने विचारलं. मी सांगितल्यावर तिने फोनवर हवामान पाहिलं आणि म्हणाली, वरती या आठवड्यात थंडी परतते आहे. मी तुमच्या जागी असते तर उद्यापर्यंत थांबले असते. पण निर्णय तुमचा.

उद्या सकाळी म्हणजे तक्त्यातला अख्खा दिवस गेला. पुढच्या मुक्कामाचं बुकिंग हललं, तळ्यातली बोट हलली. पण खरं कारण तेही नाही. मला त्या बाकाजवळ जाऊन असं म्हणायचं नव्हतं की झालं म्हणून सांगितलेलं काम झालेलं नव्हतं. एवढंच. मेधा हसली असती, मोहनराव म्हणाले असते, मफी मुश्किल, काही अडचण नाही, राहू एक दिवस. कोणी एका शब्दाने बोललं नसतं. मी किल्ली घेतली.

गाडीजवळ आल्यावर मोहनरावांनी विचारलं, "टायर बर्फाचेच ना?"

"हो. बघितलंय मी सगळं."

ते गुडघ्यावर बसले, चष्मा वर केला आणि कडेवरचे आकडे वाचले. "ताजे आहेत हो. खाचा पण खोल आहेत." समाधानाने त्यांनी टायरवर थाप मारली, गुराच्या पाठीवर मारतात तशी. ती डोंगराची खूण त्यांना माहीत नव्हती. मला होती. मी चारही टायर बघून घेतले. कुठेच नव्हती.

खालचं तिरोल

पहिले दोन दिवस इतके सुंदर गेले की मला माझं करणं बरोबरच वाटू लागलं. ऊन होतं. कुरणं हिरवीगार, त्यांत पिवळी फुलं, आणि वर मान करून बघितलं की पांढरे डोंगर, पण ते लांब, चित्रातल्यासारखे. मोहनराव गाडी चालवत होते. बहरीनसारखंच उजवीकडून जायचं, स्टिअरिंगही डावीकडे, त्यामुळे ते घरच्यासारखे रमले. वळण आलं की म्हणत, "कुंभार्लीसमोर हे काय?" मी म्हणे, "तुमच्या बाजूने चढ आहे म्हणून कौतुक. आमच्याकडून नुसता उतार." हा आमचा जुना वाद, रिफातल्या जेवणांवरून तिरोलपर्यंत आलेला.

तिथे लोक एकमेकांना अनोळखी असले तरी रस्त्यात नमस्कार करतात. मोहनराव उलट राम राम म्हणत आणि तेही चालून जाई. आम्ही उतरलो होतो त्या खाणावळीत जाड, आखूड शेवयांत चीज घालून वर तळलेला कांदा भुरभुरवलेला पदार्थ आला. ताईंनी चाखून निकाल दिला, "आजारी माणसाला चांगलं आहे. मेतकूट हवं होतं वर." आणि पर्समधून खरंच मेतकुटाची पुडी काढली.

ताई रिफात घरी ब्लाउज शिवत. त्यांच्या हातची बाही बसते तशी कोणाची बसत नाही म्हणून मनाम्यापासून बायका कापड घेऊन यायच्या. खाणावळीच्या मालकिणीचा तिकडचा पारंपरिक झगा त्यांनी जवळ जाऊन पाहिला, कमरेची चूण दोन बोटांत धरून बघितली, आणि त्या दोघी एकमेकींची भाषा येत नसताना कितीतरी वेळ शिवणाविषयी बोलत राहिल्या. मालकीण आत जाऊन दोरा-सुई घेऊन आली. ताईंनी तिला आपला गुप्त टाका घालून दाखवला. तो फोटो माझ्याकडे आहे. त्यात ताईंचे दोन्ही हात स्वच्छ दिसतात.

घाट

तिसऱ्या दिवशी सकाळी खिडकीबाहेर रंगच उरला नव्हता. कुरणं, फुलं, गाडी, सगळं पांढरं. बायका आनंदाने बाहेर पळाल्या. आयुष्यात पहिल्यांदा पडता बर्फ बघत होत्या दोघी. ताईंनी जीभ बाहेर काढून बर्फ झेलला आणि लाजल्या. मी दारात उभा राहून गाडीची चाकं बघत होतो.

मालकीण मोडक्या इंग्रजीत म्हणाली, दुपारपर्यंत थांबा, रस्ता साफ करणारी गाडी येऊन जाऊ दे. मग विचारलं, हिवाळी टायर आहेत ना?

मी काही बोलायच्या आत मोहनराव अभिमानाने म्हणाले, "यस, यस. विंटर टायर. माय ब्रदर-इन-लॉ इज इंजिनिअर."

ती माझ्याकडे बघून हसली. मीही हसलो. तिथे सांगता आलं असतं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं, आणि त्या वाक्याची किंमत होती ती फक्त लाज. उलट मी म्हटलं, रात्रीच्या मुक्कामाला पलीकडे पोचायचं आहे, हळू जाऊ. मोहनराव म्हणाले, टायर आहेत तर काय, हळू हळू जाऊ.

चढ निम्मा झाला असेल तेव्हा चाकं जागच्या जागी फिरू लागली. मागे-पुढे कोणी नव्हतं. बर्फाचा आवाज नसतो. पावसात घाटात अडकलं तर निदान पाणी ऐकू येतं, इथे काहीच नाही. मोहनराव उतरले, चाकाखाली वाकून बघितलं, आणि त्यांचा चेहरा एकदम ओळखीचा झाला. साखीरला असतो तसा.

"विनायकराव, वाळूच समजा ही. हवा काढू थोडी."

मी म्हटलं, परत फिरू या का? ते म्हणाले, टायर चांगले आहेत, फक्त धरत नाहीत, हवा काढली की धरतील. त्यांच्या बोलण्यात एकच गोष्ट खोटी होती आणि ती मी त्यांना दिलेली होती. त्यांनी हातमोजे काढले आणि एकेका टायरची हवा सोडत गेले. मी व्हॉल्व्हच्या टोप्या हातात धरून त्यांच्यामागून फिरलो. फुस्स असा आवाज, आणि मग पुन्हा ती शांतता. "यल्ला," ते आत बसून म्हणाले, आणि गाडी हलली. मागे बसलेल्या मेधाने टाळ्या वाजवल्या. ताईंना घाटात गाडी लागते म्हणून त्या पुढे बसल्या होत्या. त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला.

उतार लागला. हवा पुन्हा भरायला पंप नव्हता. खाली गावात भरू असं ठरलं. मोहनराव खरंच हळू चालवत होते. एका वळणावर त्यांनी ब्रेक दाबला आणि काहीच झालं नाही. गाडी वळली नाही, थांबली नाही, सरळ जात राहिली, शांतपणे, एखादं फर्निचर सरकवावं तशी. ताईंनी उजवा हात पुढे टेकला. उजवी बाजू दगडी कठड्यावर गेली.

दरीत गेलो नाही. तिथल्या कठड्यामुळे आज हे लिहितो आहे. पण ताईंचा हात मनगटापाशी असा वळला होता की मी दुसरीकडे बघितलं. त्या रडल्या नाहीत. "अहो, तुम्हाला लागलं नाही ना?" असं त्या नवऱ्याला विचारत होत्या.

पोलीस

रुग्णवाहिका आली, पाठोपाठ पोलीस. मोहनराव ताईंबरोबर रुग्णवाहिकेत होते, मेधा दाराशी त्यांची पर्स घेऊन उभी. पोलीस वयाने माझ्याएवढा, सावकाश इंग्रजी बोलणारा. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, खाली बसला, टायरवरचा बर्फ हाताने पुसला आणि कडेवर बोट ठेवलं.

म्हणाला, हे उन्हाळी आहेत. हिवाळी टायरच्या सक्तीची तारीख गेल्या आठवड्यात संपली, म्हणून कायद्याने काही नाही. पण या टायरवर तुम्ही वर यायलाच नको होतं.

मी त्याला हवेचं विचारलं. मीच विचारलं. तो म्हणाला, त्याने भर पडली असेल. पण हवा पूर्ण असती तरी तुम्ही इथेच असतात.

मी रुग्णवाहिकेपाशी गेलो. मोहनरावांच्या बोटांना टायरची काळी घाण लागली होती आणि ते ती पँटला पुसत होते, पुन्हा पुन्हा.

"काय म्हणतोय तो?"

मी म्हणालो, "हवा कमी होती म्हणतो."

त्यांनी मान हलवली. फार वेळ हलवत राहिले. मग ताईंकडे वळून म्हणाले, "वाळू समजलो गं मी." ताई म्हणाल्या, असू दे. दार लागलं आणि रुग्णवाहिका गेली.

म्युनिकच्या काउंटरवर मी जे केलं ते भित्रेपणाने केलं. बाकावरच्या माणसांना तोंड दाखवायचं टाळलं. घाटात जे बोललो ते मात्र विचार करून बोललो. पोलिसापासून रुग्णवाहिकेपर्यंत चालत जाताना मला पुरेसा वेळ होता.

रुग्णालयात ताईंच्या हाताचं ऑपरेशन झालं, आत धातूची पट्टी घातली, स्क्रू घातले. डॉक्टर, नर्स, सगळे अतिशय चांगले वागले. तो भाग मी आधीच्या लेखात लिहिला आहे आणि तो खरा आहे. पुढचा सगळा तक्ता रद्द केला. ताई झोपल्या की मोहनराव खिडकीशी उभे राहून खाली वाहनतळ बघत. बर्फ दोन दिवसांत वितळला. हिरवळ पुन्हा वर आली, जणू मध्ये काही झालंच नव्हतं.

रिफा

ताईंचा हात जुळला, पण अंगठा आणि पहिलं बोट नीट मिळत नाही. सुई धरता येत नाही. शिलाई मशीन हॉलच्या कोपऱ्यात आहे, त्यावर चादर आणि चादरीवर पेपरांची चळत. बायका येतात त्या आता नुसत्या भेटायला. ताई कात्रीने कापून देऊ शकतात म्हणून सुरुवातीला काही दिवस एका मुलीकडून शिवून घेतलं. मग म्हणाल्या, दुसऱ्याच्या हाताची बाही माझ्या नावावर नको.

मोहनराव परतल्यावर विमानतळावरून घरी टॅक्सीने गेले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात सांगून त्यांनी डेस्कचं काम मागून घेतलं. त्यानंतर ते स्टिअरिंगवर बसलेले नाहीत. लायसन्स आहे, गाडी विकली. रिफात गाडीशिवाय राहणं म्हणजे काय ते इथल्या माणसालाच कळेल. साधं दूध आणायचं तरी उन्हात तंगडतोड.

म्हणून दर शुक्रवारी मी जनाबियाहून जातो आणि दोघांना मनाम्याला नेतो. सूकमध्ये भाजी, अळू मिळालं तर अळू, कधी मंदिर. मोहनराव मागे बसतात. पुढे बसा म्हटलं तर म्हणतात, तुमचं लक्ष जाईल. मंडळींत सगळ्यांना याचं कौतुक आहे. विनायकरावांसारखा साडू मिळायला नशीब लागतं, असं माझ्यासमोर म्हणतात. मोहनरावही म्हणतात. एकदा उतरताना माझा हात धरून म्हणाले, "माझ्या चुकीचं ओझं तुम्ही वाहताय. फिटायचं नाय हे." मी म्हटलं, असं काय बोलता. आणि घरी आलो. गाडी पार्क केल्यावर बराच वेळ एसी चालू ठेवून बसून राहिलो. मेधाने फोन केला, वर येताय ना? आलो, म्हटलं.

या थंडीत साखीरला पुन्हा सहल झाली. ताईंच्या आग्रहाने दोघं आले. नव्याने आलेल्या एका जोडप्याची गाडी रुतली आणि कोणीतरी सवयीने मोहनरावांना हाक मारली. ते चटईवरून उठले नाहीत. हसत म्हणाले, "वाळू आणि बर्फातला फरक ज्याला कळला नाय, त्याला काय बोलवता?" सगळे हसले, कारण त्यांनी ते हसावं असंच म्हटलं होतं. ताई हसल्या नाहीत. मग ती गाडी मी काढली. हवा सोडली, टायर पसरट झाले, गाडी बाहेर आली. मोहनराव लांबून बघत होते. त्यांनी मला शिकवलेलं नाही असं एकही पाऊल त्यात नव्हतं. हात झटकले, पण 'खलास' हा शब्द माझ्या तोंडून निघाला नाही.

तिथून आल्यावर हे लिहायला घेतलं. लिहिणं सोपं आहे; कागद मागच्या सीटवर बसत नाही. हिवाळी टायर घ्यावेत का, असं मला यापुढे कोणी विचारलं तर उत्तर इथे आहे: घ्या, आणि नसतील मिळाले तर मिळाले नाहीत म्हणून सांगा.

हा मजकूर मी अजून अंकाला दिलेला नाही. त्याआधी मोहनरावांना आणि सुनंदाताईंना, त्यांच्या हॉलमध्ये, त्या झाकलेल्या मशीनसमोर बसून मला सांगायचं आहे की टायर उन्हाळी होते, ते मला माहीत होतं, आणि हवेचं पोलीस आपणहून बोलला नव्हता, मी विचारलं होतं. हे मी त्यांचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.